एका सुताची फट

मित्रांनो, मी एक जुने गवत कापायचे यंत्र आहे. ट्रॅक्टरला जोडले की माझा लांब लोखंडी हात जमिनीलगत बाजूला पसरतो. त्या हाताला पुढे बोटे आहेत आणि बोटांमधून एक दातेरी पाते सरसर इकडून तिकडे धावते. पाते आणि बोट यांच्यात सापडलेले गवत कापले जाते. एवढेच माझे काम. त्यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही, लाजण्यासारखेही नाही.

कारखान्यात मला लाल रंग दिला होता. तो आता बोल्टांच्या आडोशालाच उरला आहे. मला विकत आणले ते दोन भावंडांच्या वडिलांनी. कापणीआधी ते माझ्याजवळ उकिडवे बसत, तेल घालत, पाते हाताने सरकवून बघत. काम संपले की दातांत अडकलेले ओले गवत काढून मला छपराखाली नेत.

ते गेल्यावर मी थोरल्या मुलाच्या हाती आलो. त्याला माझ्यासाठी एकच औषध ठाऊक होते: धार. गवत अडकले, लाव धार. आवाज आला, लाव धार. कानशीने घासून घासून त्याने माझे दाते निम्मे केले. काम झाले की मी कुरणाच्या कडेला उघड्यावर.

यंदा मी गवत कापेनाच, नुसते आडवे करू लागलो. शेजाऱ्यांची यंत्रे त्यांच्याच कुरणांत गुंतलेली. हे गवत वाळून घरात आले नाही, तर गोठ्यातल्या गाईंना पुढे घालायचे काय? थोरला चिडला, मला एक लाथ घातली आणि त्याने भंगारवाल्याला फोन लावला.

"उद्या ये आणि घेऊन जा एकदाचं!"

मला वाईट वाटले. पण लोखंडाच्या वाटण्याला विचारतो कोण?

संध्याकाळी त्याची धाकटी बहीण चहा घेऊन आली. ती शिवणकाम करते. तिने सहज माझे पाते दोन बोटांनी उचलले, तर ते उचलले गेले.

"दादा, केवढी फट आहे बघ. सूतभर तरी असेल, इंचाचा आठवा भाग."

"फटीचं काय घेऊन बसलीस? धार गेलीय त्याची."

"कात्रीचा स्क्रू ढिला झाला की धार असूनही कापड दुमडतं. तसंच होतंय हे. बाबा नाही का या वरच्या पट्ट्या ठोकायचे? पातं दाबून धरायला?"

थोरल्याने मोठा हातोडा आणून पहिल्याच पट्टीवर असा घाव घातला की पाते जागच्या जागी अडकले.

"अरे, खुंटा ठोकतोयस का!"

तिने ती पट्टी पहारीने किंचित उचलली. मग छोट्या हातोडीने एकेक पट्टी हलकेच ठोकायची, पाते सरकवून बघायचे, पुन्हा ठोकायची. पाते सरकले पाहिजे, पण उचलले जाता कामा नये. थोरला बॅटरीचा उजेड धरून होता.

सकाळी पहिल्याच फेरीत गवत बुंध्यापासून कापले गेले. शेवटची फेरी संपली तेव्हा भंगारवाला कुरणाच्या कडेला बिडी ओढत बसला होता.

"नेऊ ना?" त्याने विचारले.

थोरला माझ्याजवळ उकिडवा बसला आणि दातांतले ओले गवत बोटांनी काढू लागला, अगदी वडिलांसारखा. मग म्हणाला, "आलाच आहेस तर हात लाव. याला छपराखाली ढकलायचंय."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अडून बसली, तर तिला घासण्याआधी जरा हलवून बघा. माझे झिजलेले दाते काही परत येणार नाहीत. उरलेले मात्र अजून पुष्कळ वर्षे पुरतील, छप्पर गळले नाही तर.