चाळीस पावलं पुढे

शहराच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कुलूपकिल्लीवाल्याच्या दुकानासमोर एक थांबा होता. तिथे थांबणारी बस एकच, बाकीच्या सगळ्या जलद. आणि त्या बसचा ड्रायव्हर कुलूपकिल्लीवाल्याचा सख्खा मोठा भाऊ. वडिलांनी दुकान धाकट्याच्या नावावर केलं त्या दिवसापासून मोठ्याने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याला अकरा वर्षं झाली.

तोंड पाहायचं नाही म्हणजे दुकानही पाहायचं नाही. फरशांची गोदामं, इस्पितळ, शाळेची भिंत, सगळीकडे पठ्ठ्या बरोबर खांबापाशी बस उभी करी. इथे मात्र नाकासमोर बघत चाळीस पावलं पुढे जाऊन दार उघडी. बाजूच्या आरशात तर चुकूनही बघत नसे. पिशव्या सांभाळत धावत आलेले लोक शिव्या घालायचे. "पळा की, तब्येतीला बरं असतं," हा म्हणायचा. धाकट्याच्या गिऱ्हाइकांचे हाल झाले की याचा जीव गार व्हायचा. असला हलकटपणा माणूस फक्त सख्ख्या भावाशीच करतो.

आई धाकट्याकडे, दुकानाच्या माडीवर राहायची. मोठा त्या घराची पायरी चढत नसे, म्हणून दर गुरुवारी आईच बसमध्ये यायची. त्याच्या मागच्या सीटवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसने परत. गुडघे दुखतात, एवढंच कधीतरी बोलायची. "त्याला सांग ना चोळायला, दुकान गिळून बसलाय," मोठा फटकारायचा. आईशीसुद्धा वाकड्यातच बोलायचा, पण गुरुवारी दाढी न चुकता करायचा.

मग कंपनीने बसच्या दारांवर माणसं मोजणारी यंत्रं बसवली. खांबापासून लांब दार उघडलं तर यंत्र ती माणसं त्या थांब्याची धरत नसे. महिन्याभराने डेपोत कागद लागला: त्या थांब्यावर प्रवासी शून्य, थांबा रद्द. पुढचा थांबा थेट उड्डाणपुलापलीकडे.

"बैस म्हणावं त्याला आता हात चोळत!" मोठ्याने डेपोभर हसून दाखवलं. घरी जेवायला बसला तेव्हा गुरुवार आठवला. दुसऱ्या दिवशी थांबा परत मागायला साहेबाकडे गेला. साहेबाने कागदावरून नजर न उचलता विचारलं, "तिथे गाडी तुम्हीच थांबवत होता ना?"

गुरुवारी बघतो तर खांब उपटलेला. आई मात्र उभी होती, चाळीस पावलं पुढे, तिच्या नेहमीच्या जागी. शेजारी धाकटा, दातओठ खात. मोठ्याने नियम धाब्यावर बसवून ब्रेक मारला, दार उघडलं.

"चढ लवकर."

"नाही चढत," आई म्हणाली.

"आता कशाला थांबलास?" धाकटा ओरडला. "झालं ना तुझ्या मनासारखं? जा की!"

"तू गप रे." मग ती मोठ्याकडे वळली. "अकरा वर्षं मी चालले. आता भेटायचं असेल तर तू चालत ये."

मागून हॉर्न सुरू झाले. बसमधून कोणीतरी खेकसलं, "चला ना राव, कामावर जायचंय!" मोठ्याला सगळ्यांचा संताप आला, आईचासुद्धा. त्याने दार लावलं आणि लावताना नजर आरशात गेली. आई धाकट्याचा हात धरून दुकानाकडे निघाली होती. दर दोन पावलांनी थांबत होती. हॉर्न वाजतच राहिले, तरी ती अजून निम्म्यातही पोचली नव्हती.