कापलेली सुरमई

रंभाबाईंनी सुरमईचा तुकडा अंगठ्याने दाबला, सोडला आणि पडलेला खळगा भरून येतो का ते बघत राहिल्या. मासळीवाली बाई फळीमागे बसून पुठ्ठ्याच्या तुकड्याने माशा हाकत होती. तिच्यापुढे आज अख्खा मासा एकही नव्हता. एका मोठ्या सुरमईचे जाड गोल तुकडे तेवढे केळीच्या पानावर मांडलेले होते.

"पूरा मछली नहीं है?" रंभाबाईंनी आपल्या बोईसरच्या हिंदीत विचारलं.

"हवा है ना, माँजी. दो दिन से नाव नहीं गया. ये बरफ में था, अच्छा है."

रंभाबाईंनी तुकडा उलटा करून पाहिला. बोटं नाकाशी नेली, क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली.

"चांगला हाय," त्या मागे उभ्या असलेल्या सुनेला म्हणाल्या. "चार घेऊ."

किंजलने पिशवी पुढे केली. पिशवीत कांदे, बटाटे, सहा अंडी, मसूर डाळ आणि मोहरीच्या तेलाची पिशवी होती. बेटावरच्या दोन्ही दुकानांत दुसरं तेलच नव्हतं. जहाज आलं की टोमॅटो, कोथिंबीर, पाव येत. जहाज नाही आलं की लाल भोपळा आणि कच्ची केळी. शेवटचं जहाज येऊन आज चौथा दिवस होता आणि वारा पडायचं नाव घेत नव्हता.

अंदमानातल्या या लहानशा बेटावर हॉटेल म्हणावं असं काही नव्हतं. रंभाबाईंच्या मुलाने, शैलेशने, मुद्दामच स्वयंपाकघर असलेलं घर शोधून काढलं होतं, कारण आईने घिवली गावाहून निघतानाच बजावलं होतं, "आठ दिवस दुसऱ्याच्या हातचं खायला मला नाय जमणार." तिने येताना तांबड्या मसाल्याची बरणी, चिंचेचा गोळा, तांदूळ आणि जवळ्याची पुडी एवढं सगळं बॅगेत कोंबून आणलं होतं. विमानतळावर त्या जवळ्याचा वास सुटला तेव्हा शैलेश मान खाली घालून उभा राहिला होता.

या सहलीमागे त्याचा एक बेत होता. तो किंजलला माहीत होता. तारापूरच्या कारखान्यात शैलेश आता सुपरवायझर झाला होता, आणि आईने साठी उलटल्यावरही पहाटेच्या पहिल्या गाडीने बोईसरच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसावं हे त्याला बघवत नव्हतं. घरी विषय काढला की ती टोपली उचलून चालू लागायची. "तिकडे कुठे जाईल?" तो किंजलला म्हणाला होता. "बेटावर शांतपणे सांगतो."

घर बाजारापासून दहा मिनिटांवर होतं, सुपारीच्या बागेतून जाणाऱ्या वाटेने. रंभाबाई पुढे चालत होत्या, पाठ ताठ, जणू डोक्यावर टोपली होती. किंजल मागून दोन्ही पिशव्या सांभाळत होती. तिचं माहेर केळव्याकडचं, चिकूच्या आणि पानवेलीच्या वाडीतलं. घिवलीच्या घरात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिने भात केला, भाकऱ्या थापल्या, पण मासळीला हात लावला नव्हता. लावू दिला गेला नव्हता. "वाडीतल्या पोरीला मासळीतलं काय कळणार," असं रंभाबाई म्हणत. त्यात कुजकेपणा नव्हता. समुद्राचं पाणी खारट असतं, हे सांगावं तशा त्या ते सांगत.

घरी आल्यावर शैलेश जहाजाची चौकशी करायला धक्क्याकडे गेला. किंजलने ओट्यावर पिशवी रिकामी केली, माशाची गाठ सोडली आणि तिचा हात तिथेच थांबला.

वास मासळीचा नव्हता. मासळीच्या वासाची तिला आता सवय झाली होती. हा वास नवसागरासारखा होता, डोळ्यांना चुरचुरणारा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर, सडकं. ती कामाला होती त्या कंपनीत अमोनियाचा पंप गळला होता तेव्हा असंच डोळ्यांत पाणी आलं होतं.

रंभाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तुकडे थाळीत घेतले, धुतले, हळद-मीठ लावलं. किंजल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता म्हणतील, आता थांबतील. रंभाबाई चिंच कोळू लागल्या.

"आई, हे तुकडे जरा..."

"काय जरा?"

"वेगळे वाटतात."

"इकडचं पाणी वेगळं, मासा वेगळा." त्यांनी मसाल्याची बरणी उघडली. "तू कांदा चीर."

किंजल कांदा चिरू लागली. बत्तीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईला आपण काय सांगणार, असं तिने स्वतःला समजावलं. तव्यावर तेल धुरावलं, तुकडे पडले आणि चर्र आवाज झाला. मोहरीचं तेल, मसाला, चिंच, या सगळ्यांना बाजूला सारून तो वास स्वयंपाकघरभर पसरला. किंजलने पदराने नाक दाबलं.

रंभाबाई तव्यावर वाकल्या. वाफ सरळ त्यांच्या तोंडावर येत होती. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि मागे वळून हसल्या.

"बघ, कसा वास सुटलाय!"

किंजलच्या हातातली सुरी थांबली. गेल्या महिन्यातली सकाळ तिला आठवली. दूध पातेल्याच्या बुडाला जळून काळं झालं होतं, धूर ओटीपर्यंत आला होता, आणि रंभाबाई चुलीपासून चार हातांवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. डुलकी लागली, असं म्हणाल्या होत्या. सगळे हसले होते.

बाहेर वाटेवर शैलेशची शीळ ऐकू आली. तो आत आला की एका क्षणात त्याला वास येणार होता. तो तव्याकडे बघणार, मग आईकडे बघणार. त्याला जे सांगायचं होतं ते मग सांगायचीही गरज पडणार नव्हती.

"आई, मी उलटते, तुम्ही बसा," असं म्हणत किंजलने तवा फडक्याने उचलला, मागचं दार पायाने लोटलं आणि पायरीवरून तो सरळ वाळूत उपडा केला. तवा वाळूतल्या खडकावर आपटून घणघणला.

"अगं! काय केलंस?"

"चटका बसला. हातातून सुटला."

"सुटला? चार तुकडे! हातात जोर नाय का काय? आणि तवा घेऊन बाहेर कशाला गेलीस?"

"धूर झाला होता, आई. चुकलं माझं."

शैलेश दारात येऊन उभा राहिला. त्याने एकदा वाळूकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. समोरून समुद्राचा वारा भरून आत येत होता आणि मागच्या दाराने बाहेर पडत होता.

"जाऊ दे गं आई," तो म्हणाला. मग बायकोला विचारलं, "भाजलं का तुला?"

"थोडं," किंजल म्हणाली आणि न भाजलेला हात नळाखाली धरला.

जेवायला भात, मसुराची डाळ आणि परतलेला जवळा होता. रंभाबाई अजून धुमसत होत्या. शैलेशने दोन घास खाल्ले, पाणी प्यायलं आणि ज्यासाठी एवढा समुद्र ओलांडून आला होता तो विषय काढला.

"आई, परत गेल्यावर टोपली ठेव आता. पुरे झालं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? वय झालं. पहाटे उठतेस, थंडीत, पावसात. आम्ही दोघं कमावतो."

"माझे डोळे शाबूत हायत, हात शाबूत हायत, नाक शाबूत हाय," रंभाबाई म्हणाल्या. "एक गिऱ्हाईक दाखव, ज्याने माझा मासा परत आणला. एक दाखव."

"तसं नाही गं." शैलेश किंजलकडे वळला. "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल."

किंजलने ताटातला भात बोटांनी एकत्र केला. बोईसरच्या बाजारात रंभाबाईंपुढे उभ्या राहणाऱ्या बायका तिच्या डोळ्यांसमोर आल्या. कंपन्यांच्या खोल्यांतून राहणाऱ्या, कडेवर मूल घेतलेल्या. 'मौसी, जो अच्छा है वो दे दो,' एवढंच म्हणून पिशवी पुढे करणाऱ्या. मासा पारखून न बघणाऱ्या, कारण मौसीने दिलाय.

"त्यांना जमतंय तोवर करू द्या," ती म्हणाली. 

शैलेश तिच्याकडे बघतच राहिला. रंभाबाईंनीही वर पाहिलं. 

दुपारी शैलेश खाटेवर आडवा झाला. रंभाबाई उरलेला भात घेऊन मागच्या दारी गेल्या. किंजल भांडी घासत होती आणि ओट्यावरच्या खिडकीतून तिला सगळं दिसत होतं. घरमालकाचा पिवळा कुत्रा शेपटी हलवत आला. रंभाबाईंनी वाळूत पडलेल्या तुकड्यांशेजारीच भात टाकला. कुत्र्याने आधी तुकड्याला नाक लावलं, झटकन मागे घेतलं, आणि वळसा घालून भाताकडे गेला. भात संपल्यावर त्याने ती जागाही चाटली. तुकड्यांना तोंड लावलं नाही.

रंभाबाई उभ्या राहिल्या. मग हळूच खाली बसल्या. एक तुकडा उचलून त्यांनी नाकाशी नेला, वाळू झटकली, पुन्हा नेला. बाजारात करत तसं डोळे मिटून नव्हे. डोळे सताड उघडे होते. मग त्यांनी करवंटी घेतली, खड्डा केला, चारही तुकडे त्यात पुरले आणि वरून तळव्याने वाळू थापली.

आत येऊन त्यांनी हात धुतले. किंजल पातेलं घासत राहिली.

"कसला वास होता?" त्यांनी विचारलं.

"नवसागरासारखा."

"डोळ्याला लागतो तसा?"

"हो."

रंभाबाई पाटावर टेकल्या. बाहेर सुपारीची झावळी वाऱ्याने भिंतीला घासत होती.

"ताप आला होता बघ मला, पावसाळ्यात. दोन वर्सं झाली. तवापासून वासच येत नाय." त्या स्वतःच्या हातांकडे बघून बोलत होत्या. "अख्ख्या माशाचं मला कळतं. डोळा बघते, कल्ला उघडते, पोट दाबते. तुकड्याचं नाय कळत. म्हणून बोईसरला तुकडे ठेवतच नाय मी आता. गिऱ्हाईक मागतं, पण सांगते, नाय आणले."

"आज मग?"

"आज इथं दुसरं काय नव्हतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि तू मागे उभी होतीस. तुझ्यापुढं नाय कळत कसं म्हणू?"

किंजलने हात पुसले. 

"रोज भीती वाटते," रंभाबाई म्हणाल्या. "टोपली उतरवते तवा छातीत धडधडतं. पण घरी बसले तर काय, ते पण समजत नाय." त्यांनी खाटेच्या दिशेने पाहिलं. "त्याला सांगणार हायस?"

"मी काही सांगितलं नाही."

"ते बघितलं मी."

त्या उठल्या. किंजलचा हात ओढून त्यांनी उजेडाकडे धरला, तळवा उलटापालटा करून पाहिला. चटक्याची खूण कुठेच नव्हती. हात सोडून त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी वारा उतरला होता. उजाडल्यावर रंभाबाईंनीच किंजलला हलवलं. "चल, बाजारात." शैलेशही उठून निघाला तर त्याला म्हणाल्या, "तू झोप. मासळीतलं तुला काय कळतं?"

होड्या आल्या होत्या. कालच्याच बाईपुढे आज ओले मासे चमकत पडले होते, काही ओळखीचे, काही पोपटासारखे हिरवे-निळे. रंभाबाई उकिडव्या बसल्या आणि किंजलचा हात धरून तिलाही शेजारी बसवलं. त्यांनी एक तांबडा मासा उचलला, कल्ला उघडून आतला रंग निरखला, पोट दाबलं. मग, नाकाशी न नेता, तो तसाच किंजलच्या तोंडासमोर धरला.

किंजलने वास घेतला. ओल्या वाळूचा, शेवाळाचा वास आला. तिने मान हलवली. मासा बाजूला ठेवला गेला. दुसराही चांगला होता. तिसऱ्याच्या पोटाशी तिला किंचित आंबूस वाटलं. ती घुटमळली. डोळा तर स्वच्छ होता.

"बोल," रंभाबाई हळूच म्हणाल्या.

"हा नको, आई."

रंभाबाईंनी तो पुन्हा पानावर ठेवला. उलटून विचारलं नाही, दाबून पाहिला नाही.

फळीमागची बाई दोघींकडे कुतूहलाने बघत होती. "बेटी है?" तिने विचारलं.

"बहू है." रंभाबाईंनी पुढचा मासा उचलला. "शुक्रवार को उसको छुट्टी रहती. मेरे साथ बाजार में बैठती है."

किंजलने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. रंभाबाई कल्ल्यात बघत होत्या, मान वर न करता. मग त्यांनी मासा पुढे केला आणि वाट बघत राहिल्या.

किंजलने तो दोन्ही हातांनी घेतला.