प्रेमिलाबाईंचे उलटे ड्रम

मौद्याच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रेमिलाबाई आठ महिने मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ड्रम शिकल्या. घरी ड्रम नव्हते. दोन उशा, उपडं घमेलं, एक स्टीलचं ताट आणि पायाखाली जुनी चप्पल, एवढ्यावर त्या रोज तासभर वाजवत. ठेका जमायला लागला तसा त्यांनी नागपुरात, जरीपटक्याला, रविवारचा क्लास लावला.

पहिल्याच दिवशी खऱ्या ड्रमसमोर बसल्या आणि गोंधळल्या. पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी त्यांना उजवीकडे हवी होती. ती डावीकडे होती. मोठ्या ड्रमचं पेडल उजव्या पायाशी होतं, आणि हलत होता डावा पाय.

"तुम्ही लेफ्टी आहे का, ताई?" शिकवणाऱ्या गौरांग सरांनी विचारलं.

"नाही जी. जेवते, लिहिते, सगळं उजव्यानं. काहून?"

त्या ज्यावरून शिकल्या तो व्हिडिओ सरांनी मागून पाहिला. "हा माणूस तुमच्याकडं तोंड करून बसला आहे. त्याचा उजवा हात तुम्हाले डावीकडं दिसते. तुम्ही आरशात पाहून उचलल्यासारखं उचललं."

"म्हणजे आठ महिने चुकीचं वाजवलं?"

"चुकीचं नाही. उलटं."

"त्यात फरक काय, सर?"

सरांनी उठून सगळे ड्रम फिरवून लावले. प्रेमिलाबाईंनी वाजवलं, आणि ठेका स्वच्छ निघाला.

"असंच ठेवा, नाहीतर सुलट शिका. दोन्ही चालते," सर म्हणाले. "फक्त बाहेर कुठं गेलं तर ड्रम सुलटेच लावलेले राहते."

घरी येऊन त्यांनी घमेल्याच्या आणि ताटाच्या जागा बदलल्या. उजवा हात निघायचा आणि मध्येच थांबायचा. मुलगी काजल दारातून बघत होती.

"आई, तू नेमकं काय करून राहिली?"

"मलेच समजून नाही राहिलं."

सोमवारी वर्गात फळ्यापुढे उभ्या राहिल्या, तर खडू कोणत्या हातात धरायचा हे क्षणभर आठवेना. पोरं वाट पाहत होती.

पुढच्या रविवारी त्यांनी ड्रम सुलटे लावायला सांगितले. अर्धा तास हातात हात अडकत राहिले. मग म्हणाल्या, "फिरवा, सर." ड्रम फिरवून झाले, आणि त्यांना वाटलं, सुलटंच राहू द्यायला पाहिजे होतं.

"आता?" सरांनी विचारलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही काठ्या मांडीवर ठेवून बसून राहिल्या.