सोमवारची भाकरी

बोरीच्या तालमीचा वस्ताद चंद्रप्पा म्हणजे भलता किचकट माणूस. पैलवान डोक्यावर आदळला की हा बाबा त्याला बाजूला घेणार, डोळ्यांत बघणार, एका रेघेवर चालवणार अन् वर विचारणार, "सकाळी काय खाल्लं रं?" जरा अडखळला, की महिनाभर मातीला पाय लावायचा नाही. गाव हसायचं, "वस्ताद हाय का वैदू?" हसू द्या! हसणाऱ्यांच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं.

चंद्रप्पाचं गेलं होतं. अकरा वर्षांमागं थोरला भाऊ बसप्पा जत्रेत डोक्यावर पडला, उठला, भेलकांडला. चंद्रप्पानंच त्याच्या तोंडावर पाणी मारलं, पाठीवर थाप दिली अन् पुन्हा कुस्तीला ढकललं. बसप्पा जिंकला, सांजेला घरी येऊन झोपला तो उठलाच नाही. वहिनी शिवम्मा दिराला टाकून कधी बोलली नाही, पण 'जेवायला बसा' असंही पुन्हा कधी म्हणाली नाही.

तेव्हापासून पडलेल्या प्रत्येक पैलवानाकडं चंद्रप्पा डोळ्यांत तेल घालून बघायचा. कोणाला ओकारी येते, कोण सकाळचं विसरतो, कोण तेच तेच विचारतो. पूर्ण्याला जाऊन रेल्वेच्या डॉक्टरलाही गाठलं. तो म्हणाला, डोक्याला आतून हिसका बसतो, वर खोक दिसेलच असं नाही. त्यावर दुसरा मार बसला तर माणूस हाती लागत नाही.

त्या साली श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी महादेवाच्या जत्रेत माणिकराव पाटलांनी चांदीचं कडं बक्षीस लावलं. शेवटची कुस्ती चुडाव्याचा भुजंग अन् बसप्पाचा एकुलता एक पोरगा शिवरुद्र यांच्यात. आधीची कुस्ती शिवरुद्रनं मारली खरी, पण गड्याला घेऊन पडताना त्याचं डोकं कडेच्या टणक जमिनीवर आपटलं. हलगीच्या दणक्यात तो आवाज कोणाला आला नाही. चंद्रप्पाला आला.

त्यानं पुतण्याला बाजूला घेतलं. डोळे नीट. रेघेवर चालला तोही ताठ.

"सकाळी काय खाल्लं रं?"

"दोन भाकरी अन् तांब्याभर दूध, काका."

घडाघडा उत्तर! चंद्रप्पाच्या जिवात जीव आला. जा, म्हणून त्यानं हात केला. शिवरुद्र चार पावलं गेला असेल नसेल, वस्तादानं कपाळावर हात मारला. अरे, आज सोमवार! शिवम्माच्या घरी सोमवारी चूल पेटते ती सांजेलाच, अन् हा पोरगा उपास मोडणाऱ्यातला नाही. महिनाभर बसावं लागू नये म्हणून तालमीतल्या पोरांनी उत्तर पाठच करून ठेवलं होतं, तेच आपसूक जिभेवर आलं. अकरा वर्षं एकच सवाल विचारत बसलो, गाढव मी! चंद्रप्पा स्वतःवरच चरफडत मैदानात शिरला.

"कुस्ती न्हाई व्हायची!"

भुजंगाच्या माणसांनी टोप्या उडवल्या. माणिकराव जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "चंद्रप्पा, गावाची इज्जत जायलीय."

"जाऊ द्या, पाटील. ती परत कमावता येती."

शिवरुद्रनं रागानं काकाचा हात झटकला. "मला काय धाड भरलीय, काका? बापाचं नाव काढायचं सोडून घरी चल म्हणता?"

"बापासाठीच म्हणतो. चल."

कडं भुजंगानं नेलं.

शिवम्मा दारातच उभी होती. बातमी आधीच पोचली होती. "पोराला भर मैदानातून ओढून आणलं म्हणं, भावजी?"

"आणलं, वैनी."

पूजा झाली, उपास सोडायला तिनं लेकाला ताट वाढलं. चंद्रप्पा उंबऱ्याबाहेर बसून पुतण्याकडं बघत होता.

शिवरुद्रनं घास मोडला. "काका, भुजंगासंगं कुस्ती कवा लागायची?"

"झालं ते, बाबा. जेव तू."

दोन घास गेले. "काका, भुजंगासंगं कुस्ती कवा लागायची?"

शिवम्माच्या हातातली पळी थांबली. त्या सांजेला बसप्पानंही असंच एकच एक तीनदा विचारलं होतं. थट्टा करायलाय वाटून ती हसली होती, अन् त्याला झोपू दिलं होतं. हे तिनं अकरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. आता तिला रडू आवरेना.

पदरानं तोंड पुसून तिनं दुसरं ताट घेतलं.

"आत या, भावजी. हात धुवा. रातभर दोघांनाच जागायचंय."