योरानचा डावा पाय

गुणवंतला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पण योरानचा डावा पाय त्याने अंधारातही ओळखला असता.

नऊ वर्षांपूर्वी, स्वीडनला नोकरीला गेलेल्या भाच्याने, निकेतने, तो पाय कागदावर आखून पाठवला होता. "मामा, माझा शेजारी योरान स्पीडवे चालवतो. मातीचा गोल ट्रॅक, बिनब्रेकची मोटारसायकल, फक्त डावीकडे वळायचं, तेही डावा पाय जमिनीवर घासत. बुटाखाली बांधायला स्टीलचा तळ हवाय, पसरट डब्यासारखा, काठ वर वळवलेला. करशील?"

करशील म्हणजे काय! भाईंदरच्या गाळ्यात जन्मभर स्टीलचे डबे ठोकलेला माणूस तो. त्याने तळ केला, तोही जोडीने. एकाच पायाची वहाण देणं त्याच्या मनाला पटेना. उजव्यात योरानच्या आईने म्हणे फुलझाड लावलं. डावा बांधून योरान जिंकत सुटला आणि इकडे गुणवंत गाळ्यागाळ्यात मोबाइल नाचवत सुटला, "आपला माणूस आहे तो!"

तिसऱ्या वर्षी निकेतचा फोटो आला. तळ चेपून पार वाकडा, आणि खाली एकच ओळ: योरान पडला, मोटारसायकल पायावर आली.

आपण मारलेला जोडच सुटला, आपणच पोराचा पाय घालवला, असं गुणवंतने धरूनच टाकलं. विचारायचा धीर होईना. निकेतने पुन्हा तळ मागितला तेव्हा, दुसऱ्या कुणासाठी असेल असं समजून, "आता जमत नाही रे" म्हणून त्याने विषयच तोडला. योरानचं नाव निघालं की उठून जायचा. सहा वर्षं हेच.

आणि आज निकेत त्यालाच घेऊन भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या घरी येत होता.

"जाब विचारायला येतोय," गुणवंत बायकोला म्हणाला.

"एवढ्या लांबून? जाब फोनवरसुद्धा विचारता येतो," उर्मिला म्हणाली. "शर्ट बदला आधी."

बेल वाजली. दारात ताडमाड योरान. निकेतचं बघून त्यानेही बूट-मोजे बाहेर काढले. गुणवंतने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. डावा पाय. अंगठा, चार बोटं, सगळं जागच्या जागी. तो तिथेच खाली बसला आणि रडायलाच लागला.

"अहो, झालं काय?" उर्मिला घाबरली.

"पाय आहे गं त्याचा!"

निकेत चाट पडला. "मामा, तुला वाटलं तरी काय? तुझं स्टील चेपलं म्हणून तर पाय नाही चेपला! तू नवा देईनास, मग त्याने तोच ठोकून सरळ केला. परवा शेवटची शर्यतही त्यावरच केली."

योरानने पिशवीतून तो तळ काढून गुणवंतच्या मांडीवर ठेवला. झिजून कागदासारखा झालेला, पण जोड शाबूत. गुणवंतने त्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच वर बघितलं. योरानचेही डोळे भरले होते. तो हळूच काहीतरी बोलला.

"म्हणतोय," निकेतने सांगितलं, "सतरा वर्षं शर्यती केल्या, त्यातली शेवटची सहा तुम्ही दिलीत."

"मी कसली देतोय! देवानेच वाचवलं रे बाबा," गुणवंत म्हणाला आणि त्याने योरानचा हात घट्ट धरला.

मग योरानने एक घडी घातलेला कागद पुढे केला. पेन्सिलीने आखलेला इवलासा डावा पाय. त्याची मुलगी एलिन यंदा पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणार होती.

गुणवंतने डोळे पुसले, चष्मा चढवला. "उद्या संध्याकाळपर्यंत देतो, सांग त्याला." त्याने कागद उलटा करून उजेडाला धरला. "आणि उजवापण करतो. आजीला अजून एक झाड लावू दे."