सेल्विनची राहून गेलेली गाणी

सेल्विन ऑर्मरॉड पन्नास वर्षं गात होता आणि तेवढ्या काळात त्याचा शोध चार वेळा लागला होता. दर दहा-बारा वर्षांनी लंडनचं एखादं वर्तमानपत्र छापायचं, की या माणसाची हवी तशी कदर झाली नाही. मग ते वर्तमानपत्रही त्याला विसरून जायचं. चौदा तबकड्या, स्वतः लिहून स्वतः चाली लावलेली दोनशेच्या आसपास गाणी, एक गिटार, आणि यॉर्कशायरभरचे पबांचे वरचे मजले नि चर्चचे हॉल. एवढा सगळा पसारा.

डोरीन सग्डन यांनी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते चौऱ्याहत्तर साली, स्किप्टनला. तेव्हा त्या बस कंपनीत वेळापत्रकं लावायच्या. सेल्विनच्या एका गाण्यात एक मुलगी त्रेचाळीस नंबरच्या बसने थॉर्नशॉला, आईच्या दफनाला जात होती. मध्यंतरात डोरीनबाई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"त्रेचाळीस नंबर थॉर्नशॉला जात नाही," त्या म्हणाल्या. "ती अलीकडच्या पुलावरूनच वळते. तुमची मुलगी पोचायची नाही."

"मग कितीनं जायचं तिनं?"

"अठ्ठावीस. पण रविवारी नसते."

तीन आठवड्यांनी ब्रॅडफर्डला त्याने तेच गाणं म्हटलं. मुलगी अठ्ठावीस नंबरमध्ये बसली होती आणि दफन रविवारवरून मंगळवारवर गेलं होतं. आपलं बोलणं कुणी एवढं मनावर घेतल्याचं डोरीनबाईंना आठवत नव्हतं. घरी नाही, ऑफिसात तर नाहीच. तेव्हापासून त्या जमेल त्या कार्यक्रमाला जाऊ लागल्या. तिसरी रांग, कडेची खुर्ची, मांडीवर विणकाम. नवरा केनेथ होता तोवर तो बाहेर गाडीत बसून रेडिओवर क्रिकेट ऐकायचा. तो गेल्यावर त्या एकट्या जायच्या.

सेल्विन शहात्तर वर्षांचा झाला तेव्हा सेटल गावच्या हॉलमध्ये त्याने गिटार खाली ठेवून सांगितलं, की नोव्हेंबरात शेवटचा कार्यक्रम करून आपण थांबणार. लोक रीतीप्रमाणे हळहळले आणि चहाकडे वळले. डोरीनबाई त्याच्याकडे गेल्या.

"एवढ्यात थांबता यायचं नाही तुम्हाला."

"का हो?"

"एकोणीस गाणी राहिलीत. एकेकदा म्हटलीत आणि टाकून दिलीत."

"टाकली म्हणजे वाईट असतील."

"चार आहेत वाईट. बाकीची तुम्ही नीट ऐकलीच नाहीत."

"डोरीनबाई, मी लिहिलीयत ती."

"लिहिलीत हो. ऐकायला मी होते."

आठवड्याने त्याचा फोन आला. त्या गाण्यांचे कागद तळघरात पाणी शिरलं तेव्हाच गेले होते आणि डोक्यात तर एकही उरलं नव्हतं. "माझ्या डोक्यात आहेत," डोरीनबाई म्हणाल्या. "बुधवारी या. जेवून या."

मग दर बुधवारी कीथलीला त्यांच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. डोरीनबाईंना गाता येत नव्हतं. गाड्यांच्या वेळा वाचून दाखवाव्यात तशा सुरात त्या कडव्यामागून कडवं सांगायच्या. सेल्विन गिटारवर चाल शोधायचा आणि त्या आल्याचा केक कापता कापता "वर", "अजून वर", "आता उतरा" असं सांगायच्या. कधी चाल तासाभरात सापडायची. कधी सापडायचीच नाही, मग तो नवीन लावायचा. "ही जास्त बरी आहे," त्या एकदा म्हणाल्या. तो दिवसभर खुशीत होता.

पाचव्या बुधवारी त्याच्या वडिलांचं गाणं आलं. वडील लोकरीच्या गिरणीत विणकर होते. मागांच्या खडखडाटाने कान गेल्यावर ते मुलाच्या गिटारच्या लाकडाला तळहात लावून गाणं ऐकायचे. डोरीनबाईंनी तिन्ही कडवी त्याच सपाट आवाजात सांगितली. सेल्विनने गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"हे मी लिहिलं?"

"त्र्याऐंशी साली. ऑटलीला म्हटलंत. सर्दी झाली होती तुम्हाला."

"सर्दी नव्हती. ते जाऊन आठवडा झाला होता. फार रडकं वाटलं मला, म्हणून सोडलं."

"रडकं कुठे आहे? त्यात तुमचे वडील एकदाही मरत नाहीत."

तो खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर शेजाऱ्याची कचऱ्याची पेटी होती. डोरीनबाईंनी काही न विचारता त्याच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. त्रेसष्ट माणसं आली. हॉलचे चिटणीस नॉर्मन एकेड यांच्या मते खरी साठच, तिघी फुलांच्या सजावटीच्या वर्गाला म्हणून आल्या होत्या आणि संकोचून बसून राहिल्या. सेल्विनने पंधरा गाणी घेतली होती. चौथ्यात तो मध्येच थांबला. शब्द गेले. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. डोरीनबाईंनी विणकामावरून मान वर न करता पुढची ओळ मोठ्याने सांगितली. त्याने ती उचलली आणि पुढे गेला. सहाव्यात पुन्हा तेच. आठव्यात पुन्हा. मग त्याने स्वतः एक खुर्ची उचलून आपल्या शेजारी आणून ठेवली.

"इथे येऊन बसा. उगाच घसा कशाला ताणता?"

डोरीनबाई लोकरीचा गुंडा घेऊन वर जाऊन बसल्या. पन्नास वर्षांत त्यांनी हॉलकडे या बाजूने कधी बघितलं नव्हतं. वडिलांचं गाणं चालू झालं, तेव्हा चौथ्या रांगेतल्या एका धिप्पाड म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि तो गाणं संपेपर्यंत पुसत राहिला. त्याच्यामागे एक बाई ओठ हलवत होती. तिला शब्द येत होते. म्हणजे ऑटलीला तीही होती. ही सगळी माणसं इतकी वर्षं आपल्या पाठीमागे बसलेली होती, आणि आपण समजत होतो की नीट ऐकणारे आपणच एकटे. डोरीनबाईंना जरा लाज वाटली, आणि जरा बरंही वाटलं. दोन टाके सुटले.

कार्यक्रम संपल्यावर तो धिप्पाड म्हातारा त्यांच्याकडे आला.

"शब्द तुमचे का?"

"छे. यांचे. माझ्याकडे ठेवायला होते."

"माझा बापपण गिरणीत होता," तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

सेल्विन ठरल्याप्रमाणे थांबला. बुधवारी मात्र तो येत राहिला. फेब्रुवारीत एकदा तो आला तेव्हा खिशात घडी केलेला कागद होता. नवं गाणं, दोन कडवी. त्याने ते म्हणून दाखवलं. डोरीनबाईंनी ऐकून घेतलं.

"परत म्हणा."

त्याने परत म्हटलं.

"दुसरं कडवं लांबलंय," त्या म्हणाल्या. सेल्विनने खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, "कुठून?"