साळूबाईंच्या यादीतली बारा गाणी

माझ्या दुकानात येऊन कुणी भलतंसलतं गाणं मागितलं की मी आधी त्या माणसाकडे नखशिखांत बघायचो. मग विचारायचो, "हे तुम्ही ऐकता? घरात?" निम्मी गिऱ्हाइकं तिथेच ओशाळायची. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. श्रीरामपुरात मेन रोडला कॅसेट भरून द्यायचं माझं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी आणायचे, मी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. शेवटी चार-पाच मिनिटांची टेप उरली तर बाकीचे दुकानदार ती तशीच सोडायचे. मी तिथे एखादी ठुमरी नाहीतर अभंग भरायचो. कुणी मागितलेलं नसायचं. पण गिऱ्हाइकाच्या कानाला जरा वळण लागावं, हा माझा उदात्त हेतू! बसस्टँडसमोर रॉबिनचं दुकान होतं. टेम्पोवाले, वरातीवाले मागतील ते तो हसत भरून द्यायचा. त्याच्या दुकानाला मी चारचौघांत उकिरडा म्हणायचो.

एक दिवस भिमाजी नावाचा साठीचा म्हातारा आला. साखर कारखान्यातून रिटायर झालेला. आला तो ओरडतच. "भाऊ! येवढी गानी भरून द्या!"

"हळू बोला बाबा, मी काही बहिरा नाही," मी म्हणालो. पण कसलं काय! त्याचा आवाज तेवढाच. खेडवळ माणूस, चार लोकांत कसं बोलावं ते माहीत नाही, असं मी मनाशी धरून टाकलं.

यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. बारा गाणी. वाचली आणि माझं डोकंच फिरलं. सगळी जत्रेतली, तंबूतली, शिट्ट्या मारायची. सातवं होतं, 'पाव्हणं, मला काट्यावर तोला'. काय म्हणावं या माणसाला! वय काय, आवड काय!

"माज्या मालकिनीसाठी हायती," तो म्हणाला. "साळूच्या अंगावरनं वारं गेलंय. तीन म्हैनं झालं, तोंडातनं सबूद न्हाई. डाक्टर म्हनलं, तिच्या आवडीची गानी लावा. वळखीचं कानावर पडलं तर डोकं जागं हुईल."

हे ऐकलं आणि मी विरघळलो. खरंच विरघळलो. आणि तिथेच माती खाल्ली. मला वाटलं, अंथरुणाला खिळलेली बाई, तिच्या उशाशी हा चावटपणा? छे! मी दोन दिवस बसून माझ्याकडचं निवडक काढलं. अभंग, दोन भावगीतं, सकाळचा एक राग. चांगल्यातली कोरी कॅसेट घेतली, वर वळणदार अक्षरात 'साळूबाईंसाठी' लिहिलं आणि पैसे घेतले नाहीत. कॅसेट देताना सांगितलंसुद्धा, "बाबा, यादीतली नाही भरली. त्याहून चांगली भरलीत." त्याने मान डोलावली आणि हात जोडले. "लई उपकार झालं, भाऊ." मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो.

आठ दिवसांनी तो परत आला. कॅसेट काउंटरवर ठेवली. दुकानात तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"ही दुसऱ्या कुनाला तरी द्या," तो म्हणाला. या वेळी आवाज खाली होता. "रोज लावली, भाऊ. ती भितीकडं तोंड करून पडती. डोळ्यातनं पानी काढती. लग्नापासनं म्हनायची ही बारा गानी, भाकरी थापताना म्हनायची. तीच वळखंना. मंजी आत काईच उरलं न्हाई. उद्यापासनं मालीशवाली बंद करतो. ती हातापायांचा व्यायाम करून घेती तवा साळू लई कळवळती वो. उगं कशाला तरास द्यायचा?"

मी चरकलो. "अहो बाबा, पण ती गाणी यादीतली नव्हतीच!"

त्याने कानामागे पंजा धरला. "जोरात बोला. तीस वर्सं कारखान्यात मिलवर हुतो, मशिनीपाशी. कान गेलं."

म्हणजे मी कॅसेट देताना जे बोललो ते त्याला ऐकूच आलं नव्हतं. रोज तो ती लावत होता आणि आत काय वाजतंय हे त्याला कळत नव्हतं. तो फक्त बायकोच्या तोंडाकडे बघत बसायचा.

आता मला ओरडून सांगायला हवं होतं. पण गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. त्यांच्यासमोर बोंबलून सांगू, की मी या माणसाला फसवलं? मी हातानेच 'काही नाही' अशी खूण केली. तो गेला. असा राग आला मला स्वतःचा! तो काउंटर तिथेच फोडून टाकावासा वाटला.

माझ्याकडे त्या बारांतलं एकही गाणं नव्हतं. दुकान बंद करून रॉबिनकडे गेलो. त्याने यादी वाचली, माझ्याकडे बघितलं. "काय मालक? आज उकिरड्यावर कसे काय?"

"रॉबिन, चेष्टा नको रे. चूक झालीय माझ्याकडून." मी सगळं सांगितलं. त्याचं हसू गेलं. हातातलं काम बाजूला सारून त्याने बाराच्या बारा गाणी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लुना काढली आणि भिमाजीची वस्ती गाठली. साळूबाई पडवीत बाजेवर होत्या. उजवा हात लाकूड झालेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्या हातातली कॅसेट बघितली आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी भिमाजीच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "बाबा, मी तुमची गाणी भरलीच नव्हती! मला ती हलकी वाटली! मी माझीच भरली!"

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "मंजी... ती इसरली न्हाई?"

मी कॅसेट लावली.

पहिलं गाणं झालं. साळूबाई हलल्या नाहीत. दुसरं झालं, तिसरं झालं. त्यांनी हळूच मान वळवली, पण तेवढंच. भिमाजी बाजेशी उकिडवा बसून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. आणि मग सातवं लागलं.

साळूबाईंचा डावा हात उठला. बाजेच्या लाकडावर बोटं पडायला लागली, बरोबर ठेक्यात. ओठ हलायला लागले.

"काय लागलंय?" भिमाजी ताडकन उठला. "भाऊ, कंचं गानं हाय?"

मी सांगितलं. त्याला कळेना. परत ओरडलो, तरी कळेना. शेजारच्या बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हटलं, गेली ती इज्जत खड्ड्यात! त्याचा कान धरला आणि छाती फोडून गायला लागलो:

"पाव्हणं, मला काट्यावर तोला,
वजन बघा अन् मगच चला!"

बाया पदर तोंडाला लावून खिदळल्या. आणि बाजेवरून आवाज आला. जड, ओढलेला, पण आवाज. "न्हाई... बोला."

मी तसाच थांबलो. साळूबाई माझ्याकडे रागाने बघत होत्या. "मगच... बोला."

भिमाजीने त्यांचे ओठ बघितले होते. त्याने माझा दंड गच्च धरला. "काय म्हनली? भाऊ, काय म्हनली ती?"

"बाबा," मी त्याच्या कानात ओरडलो, "ती म्हणतेय, मी चुकीचं गातोय!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"मंग चुका की, भाऊ," तो म्हणाला. "आनखी चुका!"